क्लाउड कुठे असतो, किती वेळ चालतो आणि बिल कशाचे येते

क्लाउड प्लॅटफॉर्म म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, दुसऱ्याच्या इमारतीत चालणारे आणि वापराप्रमाणे भाड्याने मिळणारे संगणक. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस-थ्री’ ही फायली साठवण्याची सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ ही भाड्याच्या संगणकांची सेवा बाजारात आणली. गूगल २००८ मध्ये या धंद्यात उतरले, मायक्रोसॉफ्टचे ‘अझ्युर’ २०१० पासून पैसे घेऊन सेवा देऊ लागले. तोवर मोठे संकेतस्थळ चालवायचे तर बहुधा सर्व्हर विकत घ्यावा लागे, त्यासाठी वातानुकूलित खोली, यूपीएस आणि रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस ठेवावा लागे. आता क्रेडिट कार्डाचा नंबर टाकला की पाच मिनिटांत मशीन हाती येते. ही सोय इतकी सहज झाली की भाड्याने नेमके काय घेतले, ते कुठे आहे आणि बंद पडले तर काय, हे प्रश्न बहुतेकांना खाते उघडून झाल्यावर सुचतात.

यांतली सर्वांत मोठी कंपनी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएस, दोनशेहून अधिक सेवा विकते. आकडा भीतिदायक असला तरी सामान्य वापरकर्त्याचा संबंध तीन-चार सेवांशीच येतो: कार्यक्रम चालवायला आभासी मशीन, फायली ठेवायला एस-थ्री, नोंदी ठेवायला डेटाबेस आणि या सगळ्यांना जोडणारे नेटवर्क. बाकीच्या सेवा बहुतांशी याच तीन-चारांवर चढवलेले मजले आहेत.

पहिला प्रश्न हमखास जागेचा असतो. डेटा नेमका कुठे असतो? उत्तर सरळ आहे: खातेदाराने जो ‘रीजन’, म्हणजे भौगोलिक विभाग, निवडला असेल तिथे. एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाला आणि हैदराबादचा नोव्हेंबर २०२२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नई अशी तीन केंद्रे उघडली होती. त्यांच्या यादीत पुण्याचे नाव ‘सेंट्रल इंडिया’ असे आहे. भूगोलाच्या शिक्षकांना ते खटकेल. पुणे हे देशाच्या मध्यभागी आहे याबद्दल पुणेकरांना मात्र तक्रार असण्याचे कारण नाही. गूगलचा मुंबई रीजन २०१७ चा, दिल्लीचा २०२१ चा.

सगळ्यांनी मुंबई परिसर धरला याला कारणे आहेत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्याजवळ किनाऱ्याला लागतात. शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालये इथेच आहेत आणि त्यांना मिलिसेकंदांचा हिशेब ठेवावा लागतो. देशातल्या बऱ्याच शहरांच्या मानाने मुंबईची वीजही भरवशाची. ती कधीच जात नाही असे मात्र नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई आणि आसपासचा भाग अंधारात गेला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळेसाठी डेटा सेंटरच्या आवारात डिझेल जनरेटर आणि इंधनाच्या टाक्या कायम तयार ठेवलेल्या असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत पूर्वी कारखान्यांच्या चिमण्या दिसत. आता तिथे डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात. एडब्ल्यूएससारख्या कंपन्या आपल्या इमारतींचे पत्ते सुरक्षेच्या कारणाने जाहीर करत नाहीत.

एक रीजन म्हणजे एक इमारत नव्हे. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये तीन ‘झोन’ आहेत. प्रत्येक झोन म्हणजे एक किंवा अधिक डेटा सेंटर, आणि त्याची वीज, शीतकरण व नेटवर्क स्वतंत्र. एका झोनमध्ये आग लागली किंवा पाणी शिरले तर त्याची झळ शेजारच्या झोनला पोहोचू नये इतके अंतर मध्ये ठेवतात. पण माहितीची देवाणघेवाण झटपट व्हावी म्हणून सगळे झोन शंभर किलोमीटरच्या आतच असतात. गंमत म्हणजे दोन वेगवेगळ्या खात्यांना दिसणारा झोन ‘ए’ एकच असेल याची खात्री नसते. सगळे लोक सवयीने पहिलाच पर्याय निवडतात आणि एकाच जागी गर्दी होते, म्हणून एडब्ल्यूएसने वर्षानुवर्षे प्रत्येक खात्यासाठी ही अक्षरे वेगळ्या क्रमाने लावली. दोन खात्यांतल्या मशीन खरोखर शेजारी आहेत का हे पाहायचे तर झोनचा वेगळा ओळख-क्रमांक ताडून पाहावा लागतो.

डेटा देशाबाहेर जातो का, हा पुढचा प्रश्न. खातेदाराने सांगितल्याशिवाय त्याची सामग्री निवडलेल्या रीजनबाहेर हलवत नाही, अशी कंपन्यांची लेखी हमी असते. पण खातेदाराने काय सांगितले आहे हे त्याला तरी ठाऊक असते का, अशी शंका यावी अशी उदाहरणे पुष्कळ. एडब्ल्यूएसच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात रीजन म्हणून पुष्कळदा ‘एन. व्हर्जिनिया’ लिहिलेले असते. घाईत ते कोणी बदलत नाही आणि नाशिकच्या महाविद्यालयाचा प्रकल्प अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चालू राहतो. प्रकल्पाला याने फरक पडत नाही, पेमेंटचा व्यवसाय करणाऱ्याला पडतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट यंत्रणांचा सगळा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश दिला. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. क्लाउडवर आहोत म्हणून ही जबाबदारी कंपनीवर ढकलता येत नाही.

आता एखादी सेवा किंवा सुविधा मिळेल का, याकडे वळावे. इथे तीन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि ते सुटे केले नाहीत तर उत्तर भलतेच मिळते. ती सुविधा आपल्या रीजनमध्ये आहे का? असली तर आत्ता, आपल्या खात्याला मिळेल का? आणि मिळाली तर सतत चालू राहील का?

पहिल्याचे उत्तर रीजनवार यादीत सापडते. नव्या सुविधा सहसा आधी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया-ओरेगॉनसारख्या जुन्या, मोठ्या रीजनमध्ये येतात आणि मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बाकी ठिकाणी. मुंबई आता जुन्या रीजनांत गणली जाते, त्यामुळे तिला बहुतेक गोष्टी मिळतात. हैदराबादची यादी आखूड असते. शिवाय मार्च २०१९ नंतर सुरू झालेले एडब्ल्यूएसचे रीजन खात्यात आपोआप चालू नसतात. हैदराबाद त्यांपैकीच, ते सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागते. ‘आमच्या खात्यात हैदराबाद चालतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काही मॉडेलांची गोष्ट आणखी वेगळी आहे: विनंती मुंबईत स्वीकारली जाते, पण तिच्यावरची प्रक्रिया आशिया-पॅसिफिकमधल्या दुसऱ्या रीजनमध्ये होऊ शकते. रुग्णांची किंवा ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्यांनी हा तपशील वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘प्रीव्ह्यू’ असे लेबल असलेली सुविधा चाचणीसाठी असते. तिला बहुधा अखंड सेवेची हमी नसते आणि ती बदलू किंवा नाहीशीही होऊ शकते. पूर्णपणे खुल्या झालेल्या सेवाही अमर नसतात. गूगलने आपली ‘आयओटी कोअर’ ही उपकरणे जोडण्याची सेवा एक वर्षाची सूचना देऊन ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली. एडब्ल्यूएसचा ‘क्यूएलडीबी’ हा खतावणीवजा डेटाबेस जुलै २०२५ अखेर संपला. नवी, चमकदार सेवा निवडताना तिचे वय आणि तिला पर्याय काय आहे हे दोन्ही पाहणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न साठ्याचा. क्लाउड अमर्याद असतो असा समज जाहिरातींनी पसरवला आहे. प्रत्यक्षात प्रत्येक खात्याला कोटा असतो. नव्या खात्याला मोठ्या जीपीयू मशीनचा कोटा पुष्कळदा शून्यच असतो. तो वाढवून मागावा लागतो आणि कंपनी नकारही देऊ शकते. कोटा मंजूर झाला तरी त्या क्षणी त्या झोनमध्ये तशी मशीन शिल्लक नसेल, तर ‘पुरेशी क्षमता नाही’ असा संदेश येतो. तेव्हा दुसरा झोन, दुसऱ्या आकाराची मशीन किंवा थोडी वाट पाहणे, एवढेच हातात असते. महत्त्वाच्या दिवसासाठी क्षमता आधी राखून ठेवता येते, पण मग मशीन वापरा की न वापरा, भाडे सुरू.

तिसरा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो: क्लाउड कधी बंद पडतो का? पडतो. आणि किती पडला तर कंपनी जबाबदार, हे करारात टक्क्यांत लिहिलेले असते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ९९.९ टक्क्यांची हमी म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा; ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटे. एस-थ्रीच्या मुख्य प्रकाराला पहिली हमी आहे. ईसी-टू मशीन दोन किंवा अधिक झोनमध्ये पसरून ठेवल्या तर दुसरी लागू होते. एकट्या मशीनला मात्र फक्त ९९.५ टक्के, म्हणजे महिन्याला ३ तास ३६ मिनिटांची सूट.

उदाहरण घेऊन पाहू. एका व्यापाऱ्याचे ऑर्डर घेण्याचे संकेतस्थळ एकाच मशीनवर चालते आणि तिचे महिन्याचे भाडे ८,००० रुपये आहे. सणाच्या तोंडावर कंपनीच्या बिघाडाने ती तीन तास बंद पडली. त्या महिन्याची उपलब्धता ९९.५८ टक्के भरते; म्हणजे हमी मोडलीच नाही आणि तिच्यापोटी मिळणारी सूट शून्य. पाच तास बंद राहिली असती तर ९९.३१ टक्के, आणि दहा टक्क्यांची सूट: ८०० रुपये, तेही रोख नाही, पुढच्या बिलात वळते. ही सूट आपोआप मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह मागावी लागते. बुडालेल्या ऑर्डरींची भरपाई करारात नसते. थोडक्यात, हा विमा नव्हे. टक्केवारीकडे पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा आपल्या धंद्याचे आकडे घालून करावा.

मोठे बिघाड क्वचित होतात, पण ते कसे होतात हे पाहण्यासारखे असते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एस-थ्रीच्या बिलिंग यंत्रणेतला संथपणा शोधताना एका कर्मचाऱ्याने काही सर्व्हर काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि ठरवले होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर बाजूला झाले. व्हर्जिनिया रीजनमधले एस-थ्री चार तासांहून अधिक काळ कोलमडले. कोणती सेवा चालू आणि कोणती बंद हे दाखवणारा कंपनीचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे बिघाडाच्या सुरुवातीच्या काळात त्यावर सगळे आलबेल दिसत राहिले. ज्या आजाराची नोंद ठेवायची त्याच आजाराने नोंदवहीवाला पडला.

२० ऑक्टोबर २०२५ चा बिघाड भारतीय वेळेनुसार दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सुरू झाला. त्या दिवशी आपल्याकडे नरकचतुर्दशी होती. व्हर्जिनियातल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ता सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेच्या दोन प्रती एकमेकींच्या पायात आल्या आणि पत्त्याची नोंदच रिकामी झाली. डेटाबेस जागेवर, माहिती सुरक्षित, पण तिथे पोहोचण्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही! मूळ दोष अडीच-तीन तासांत सुधारला, तरी त्याच्यावर अवलंबून असलेल्या सेवा पूर्ववत व्हायला आपल्याकडची मध्यरात्र उलटली. सिग्नल, स्नॅपचॅट, ड्युओलिंगो जगभर अडखळले. मुंबई रीजन चालू असतानाही इथल्या काहींना त्रास झाला, कारण ते वापरत असलेल्या बाहेरच्या सेवांचे मूळ व्हर्जिनियात होते. खुद्द एडब्ल्यूएसच्या काही जागतिक सेवांची सूत्रेही तिथूनच हलतात. दोन झोन वापरल्याने एका इमारतीचा बिघाड पचतो, अख्ख्या रीजनचा पचत नाही. त्यासाठी दुसरा रीजन लागतो आणि खर्च जवळपास दुप्पट होतो. बँकेला तो परवडतो. वाचनालयाच्या सभासद यादीसाठी तो करण्यात अर्थ नाही.

चालू राहणे वेगळे आणि डेटा टिकणे वेगळे. एस-थ्रीची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी केलेली आहे. एक कोटी फायली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल, असा कंपनीचाच हिशेब आहे. हा आकडा यंत्रे बिघडण्याचा आहे, माणसे चुकण्याचा नाही. खातेदाराने स्वतः फाइल पुसली आणि जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू नसली, तर ती पहिल्याच मिनिटाला जाते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत जळून खाक झाले. ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलवरचे खासगी क्लाउड पुसले गेले. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता. यंत्रणेने त्याचा अर्थ मुदतीचा करार असा घेतला आणि मुदत भरताच सगळे काढून टाकले. निधीच्या सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता येईना. युनिसुपरने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, त्याचा सावरायला मोठा उपयोग झाला.

मग सुरक्षेची जबाबदारी कोणाची? दोघांची, आणि सीमारेषा ठरलेली आहे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो, जिन्यात दिवे असतात. पण फ्लॅटचे दार सताड उघडे टाकून गावाला जाणाऱ्याच्या चोरीला वॉचमन जबाबदार नसतो. इमारत, वीज, यंत्रे आणि आभासीकरणाचा थर कंपनीने सांभाळायचा. पासवर्ड, परवानग्या, आपल्या मशीनवरच्या कार्यप्रणालीचे अपडेट आणि कोणती फाइल जगाला दिसावी हे खातेदाराने. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या सुमारे दहा कोटी अमेरिकी ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती बाहेर गेली, ती चुकीच्या पद्धतीने लावलेल्या फायरवॉलमधून. एस-थ्रीचे नवे साठे एप्रिल २०२३ पासून आपोआप खासगी असतात, ही सुधारणा उशिरा का होईना झाली. त्याआधी तयार केलेले साठे मात्र प्रत्येकाने स्वतः तपासायला हवेत.

बिलाचा प्रश्न बहुतेकांना पहिल्या महिन्याच्या अखेरीस पडतो. मशीन बंद केली, तरी पैसे कसे लागले? कारण ‘स्टॉप’ म्हणजे मशीन झोपवणे. तिची डिस्क तशीच राहते आणि डिस्कचे भाडे चालू राहते. ‘टर्मिनेट’ केल्यावरच मशीन जाते, आणि तेव्हाही वेगळी जोडलेली डिस्क मागे राहू शकते. राखून ठेवलेल्या सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट पडतो, वापरात असो वा नसो. तीस दिवसांच्या महिन्याचे ३.६० डॉलर होतात. सर्वांत कमी लक्ष जाते ते बाहेर जाणाऱ्या डेटाकडे. क्लाउडमध्ये माहिती भरणे फुकट, काढणे विकत. महिन्याला पहिले १०० जीबी मोफत. त्यानंतर मुंबईतून जीबीला सुमारे ११ सेंट, व्हर्जिनियातून ९. व्हिडिओ दाखवणाऱ्या संकेतस्थळाचे बिल याच ओळीवर फुगते. पडद्यावर दर डॉलरमध्ये दिसतात, भारतीय खात्याला बिल भारतीय कंपनीकडून येते आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो.

मोफत योजनाही बदलली आहे. पूर्वी नव्या खात्याला वर्षभर लहान मशीनचे महिन्याला ७५० तास मिळत. १५ जुलै २०२५ पासून उघडलेल्या खात्यांना त्याऐवजी १०० डॉलरची शिल्लक आणि ठरावीक कामे केल्यावर आणखी १०० डॉलरपर्यंत मिळतात. मोफत योजना सहा महिन्यांनी किंवा शिल्लक संपताच, जे आधी होईल तेव्हा, संपते. जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि व्हिडिओंत अजून वर्षभराचेच गणित सांगितलेले असते, ते धरून चालणाऱ्या विद्यार्थ्यांनी सावध राहावे. सशुल्क योजनेत बजेटचा इशारा लावता येतो, पण हा इशारा म्हणजे ई-मेल. तो आपणहून मशीन थांबवत नाही.

शेवटी, सोडून जायचे असेल तर? २०२४ च्या पहिल्या तिमाहीत गूगल, एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकांचे डेटा बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याचा दबाव त्यामागे होता. एडब्ल्यूएसमध्ये ही माफी आधी विनंती करून घ्यावी लागते आणि साठ दिवसांत बिऱ्हाड हलवावे लागते. शुल्क मात्र अडचणीचा लहान भाग आहे. साध्या लिनक्स मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणाऱ्याला स्थलांतर फारसे जड जात नाही. डायनॅमोडीबीसारख्या त्या कंपनीच्याच डेटाबेसभोवती ज्याने सगळा कार्यक्रम गुंफला आहे, त्याला तो मोठ्या प्रमाणात नव्याने लिहावा लागतो. खाते बंद केल्यावर ते ९० दिवस पुन्हा उघडता येते. त्यानंतर एडब्ल्यूएस त्यातली उरलेली सामग्री कायमची पुसते आणि मग ती परत मिळवण्याचा मार्ग नसतो.